‘राइट नाऊ?’ : इंग्रजीतला साधा आणि चालू वर्तमानकाळ आपल्याला नेमका कुठे अडवतो

तुम्ही कळवलेला प्रसंग आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहात, चार वर्षं झाली. दुसऱ्या एका कंपनीसाठी व्हिडिओवर मुलाखत होती आणि समोर परदेशातला इंजिनिअर होता. त्याने विचारलं, ‘व्हॉट डू यू डू व्हेन अ पार्ट इज आउट ऑफ टॉलरन्स?’, म्हणजे पार्टचं माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर तुम्ही काय करता? तुम्ही म्हणालात, ‘आय ॲम कीपिंग इट असाइड अँड आय ॲम टेलिंग माय सुपरवायझर.’ तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘राइट नाऊ?’ आपलं काय चुकलं ते तुम्हाला कळेना. पुढे ‘आय ॲम हॅविंग डिप्लोमा’, ‘आय ॲम नोइंग कॅलिब्रेशन’ (मापाची उपकरणं अचूक आहेत का ते तपासणं), ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’ ही वाक्यंही गेली. आता तुमचं म्हणणं असं, की ‘करतो’ आलं की साधा वर्तमानकाळ आणि ‘करत आहे’ आलं की चालू, हा शाळेतला नियम तोंडपाठ आहे, मग बोलताना असं का होतं?

गेली बावीस वर्षं मी मिरजेत संध्याकाळचे इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. नर्सिंगच्या मुली, आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं, दुकान सांभाळून येणारे लोक, असा सगळा संच असतो. तुमची ही चार वाक्यं मी या वर्गात अक्षरशः रोज ऐकते. त्यामुळे पहिली गोष्ट ही, की तुम्ही एकटे नाही आणि यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही. हा प्रश्न मराठीतून इंग्रजीत येणाऱ्या प्रत्येकाला भेटतो, कारण दोन्ही भाषा वर्तमानाचे तुकडे वेगवेगळ्या जागी पाडतात.

थोडं परिस्थितीवरही आहे, तेही सांगायला हवं. आपल्याकडच्या ऑफिसात ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ म्हटलं तर कुणाचं काही अडत नाही. ऐकणाराही तसंच बोलतो. भारतातल्या बोलण्याच्या इंग्रजीत ‘आयएनजी’, म्हणजे ‘कीपिंग’मधला शेवटचा ‘-इंग’, जास्त येतो हे सर्वांना माहीत आहे आणि त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पण समोरचा माणूस आपल्या भागातला नसला, परीक्षा असली किंवा लिहिलेल्या वाक्यावर कुणाचं तरी काम अवलंबून असलं, की फरक पडतो. मी नर्सिंगच्या मुलींना एक उदाहरण नेहमी देते. ‘द पेशंट वॉक्स विथ अ स्टिक’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्या डॉक्टरला कळतं की हा माणूस काठी घेऊनच चालतो, ऑपरेशनच्या आधीपासूनची गोष्ट असेल. ‘द पेशंट इज वॉकिंग विथ अ स्टिक’ लिहिलंत तर कळतं की सध्या, ऑपरेशननंतर, तो काठी घेऊन चालतोय. दोन्ही वाक्यं व्याकरणात शुद्ध आहेत. चुकीचं लिहिलं तर पेशंटचा इतिहासच बदलतो.

आता तुमचं नेमकं काय होतंय ते बघू. माझ्या मते यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिलं दुखणं तोंडाचं आहे. आपण इंग्रजीत सगळ्यात आधी काय शिकलो? ‘आय ॲम अ बॉय’, ‘आय ॲम इन फिफ्थ स्टँडर्ड’. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीचे माझ्यासारखे लोक पाचवीत एबीसीडी शिकले. पण पहिली वाक्यं सगळ्यांची तीच. त्यामुळे ‘आय’ आणि ‘ॲम’ हे दोन शब्द आहेत हे डोक्याला माहीत असलं, तरी जिभेला तो एकच शब्द वाटतो, ‘आयॅम’. मुलाखतीत घाईघाईने तोंड उघडलं की ‘आयॅम’ निघून जातं. मग पुढे नुसतं ‘कीप’ कसं लावणार? कानाला खटकतं, म्हणून ‘कीपिंग’ येतं. म्हणजे तुम्ही चालू वर्तमानकाळ निवडलेलाच नव्हता. ‘ॲम’ आधी सुटला आणि त्याने ‘आयएनजी’ ओढून आणला. हे ओळखायची खूण सोपी आहे. ज्याला हे दुखणं असतं तो ‘ही’ किंवा ‘दे’ने सुरू होणाऱ्या वाक्यात कमी चुकतो आणि ‘आय’च्या वाक्यात जास्त. तुमची चारही वाक्यं ‘आय’ची आहेत.

दुसरं दुखणं विचाराचं आहे, आणि तिथे तो शाळेतला नियम आडवा येतो. नियम अगदी चुकीचा नाही, पण तो आपल्याला मराठी क्रियापदाच्या शेपटीकडे बघायला लावतो. आणि आपल्या ‘करतो’ची शेपटी भलतीच कामसू आहे. बघा. ‘मी रोज सहाला उठतो’ यात ती सवय सांगते. ‘थांब, मी बघतो’ यात सवय नाही, आत्ता घेतलेला निर्णय आहे, इंग्रजीत ‘आय विल सी’ किंवा ‘लेट मी सी’. ‘बरं, येतो मी’ म्हणजे निघालो, ‘आय ॲम लीव्हिंग’. ‘उद्या मी कोल्हापूरला जातो’ म्हणजे ठरलेला बेत, ‘आय ॲम गोइंग’. मित्राला फोन करून ‘काय करतोस?’ विचारलं तर त्याचं इंग्रजी ‘व्हॉट आर यू डुइंग?’ आणि स्थळ बघताना ‘मुलगा काय करतो?’ विचारलं तर ‘व्हॉट डज ही डू?’. शब्द तोच, शेपटी तीच. आणि आईने खालून हाक मारल्यावर आपण ओरडतो, ‘आलो, आलो!’ मराठीत चक्क भूतकाळ, अजून जिन्याची पहिली पायरीही उतरलेलो नसतो. इंग्रजीत मात्र ‘आय ॲम कमिंग!’

विदर्भातल्या विद्यार्थ्यांचं मला या बाबतीत कौतुक वाटतं. ‘काय करून राहिला?’ हे त्यांचं रूप इंग्रजीच्या चालू वर्तमानकाळाला फार जवळ जातं. माझ्याकडे अमरावतीकडची एक मुलगी होती. तिला मी सांगितलं, तुझ्या घरच्या बोलीत ‘जाऊन राहिलो’, ‘लिहून राहिलो’ आलं की ‘आयएनजी’. आठवड्यात तिची निम्मी वाक्यं सुधारली. प्रमाण मराठीच तेवढी शुद्ध म्हणून शिकवताना आपण हातातलं हत्यार काढून घेतो.

तर शेपटी सोडा आणि गोष्टीकडे बघा. वर्गात मी एकच प्रश्न विचारायला लावते: ही गोष्ट नेहमीची आहे की चाललेली आहे?

‘नेहमीची’ म्हणजे सवय, नियम, धंदा, स्वभाव, जगाची रीत. पाणी शंभर अंशाला उकळतं, ‘वॉटर बॉइल्स’. आमच्याकडे शिफ्ट सातला सुरू होते, ‘द शिफ्ट स्टार्ट्स ॲट सेव्हन’. हे बोलताना ती गोष्ट घडत असण्याची काहीच गरज नाही. मी जेवायला बसले असताना ‘आय टीच इंग्लिश’ म्हणू शकते. म्हणजे याला नाव ‘वर्तमानकाळ’ असलं तरी ‘आत्ता’शी याचा संबंध थोडाच. आपल्या व्याकरणात ‘रीती वर्तमानकाळ’ आहे ना, ‘मी फिरायला जात असतो’, इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ बराचसा तोच आहे. वाक्यात ‘करत असतो’ बसवून बघा. अर्थ मोडला नाही तर साधा. माप चुकलेला जॉब मी बाजूला ठेवत असतो आणि सुपरवायझरला सांगत असतो. अर्थ टिकला. म्हणून ‘आय कीप’, ‘आय टेल’. (जाता जाता: आपल्या शॉपमधला ‘जॉब’ बाहेरच्या माणसाला नोकरी वाटेल. त्या इंजिनिअरसारखं ‘पार्ट’ म्हणा.)

‘चाललेली’ म्हणजे सुरू झालेली, अजून न संपलेली आणि कधीतरी संपणारी. तिच्यासाठी माझी आवडती कसोटी म्हणजे आपलाच ‘चाललंय’ हा शब्द. स्वयंपाक चाललाय, अभ्यास चाललाय, घराचं बांधकाम चाललंय. जिथे ‘चाललंय’ नीट बसतं तिथे बहुतेक ‘आयएनजी’ बसतो. आणि इथे ‘आत्ता’ या शब्दाने फसू नका. ‘वुई आर बिल्डिंग अ हाउस’ हे तुम्ही चहाच्या टपरीवर उभं राहूनही म्हणता. त्या क्षणी हातात थापी नसते, पण काम चाललेलं असतं. त्या इंजिनिअरने ‘राइट नाऊ?’ का विचारलं ते आता लक्षात येईल. त्याने तुमच्या कामाची रीत विचारली होती आणि तुमच्या ‘आय ॲम कीपिंग’ने त्याला वाटलं, की एक चुकलेला पार्ट या घडीला तुमच्या टेबलावर पडलाय.

काही ठिकाणी निवड बोलणाऱ्याच्या मनावर असते. ‘आय लिव्ह इन चाकण’ आणि ‘आय ॲम लिव्हिंग इन चाकण’ ही दोन्ही बरोबर. घर सांगलीत आहे, नोकरीपुरती खोली घेतलीय असं मनात असेल तर दुसरं. चाकणच आता माझं गाव असं वाटत असेल तर पहिलं. तीन वर्षं राहिलेला माणूसही दुसरं म्हणू शकतो. इथे चूक शोधत बसू नका.

आता नकार. याबद्दल कुणी फारसं सांगत नाही आणि निम्म्या चुका इथेच होतात. मराठीत ‘मी चहा घेतो’ आणि ‘मी चहा घेतोय’ वेगळे दिसतात. पण नकार केला की? ‘मी चहा घेत नाही’. म्हणजे सवयीचा नकार असूनही त्यात ‘घेत’ हे रूप आलं. शाळेत ‘घेत’ दिसलं की ‘टेकिंग’ लिहायची सवय लागलेली, म्हणून आपण म्हणतो, ‘आय ॲम नॉट टेकिंग टी’. ऐकणाऱ्याला वाटतं, आत्ता नको, मग नंतर करू का? हवं होतं ‘आय डोन्ट ड्रिंक टी’. लिहिलेल्या मराठीत हा फरक मिटूनच जातो, दोन्हीकडे ‘घेत नाही’. पण बोलण्यात आपल्याकडे एक फार सुंदर सोय आहे, ‘नाहीये’. ‘तो ऐकत नाही’ हा स्वभाव झाला, ‘ही डझन्ट लिसन’. ‘तो ऐकत नाहीये’ म्हणजे या घडीला लक्ष देत नाहीये, ‘ही इजन्ट लिसनिंग’. ‘मशीन रविवारी चालत नाही’, ‘द मशीन डझन्ट रन ऑन संडेज’. ‘मशीन चालत नाहीये’, ‘द मशीन इजन्ट वर्किंग’, बोलवा मेंटेनन्सवाल्याला. नकाराचं इंग्रजी वाक्य करण्याआधी ते मराठीत मोठ्याने म्हणा, पुस्तकी मराठीत नाही, घरी बोलता तसं. तोंडात ‘नाहीये’ आलं तर ‘इजन्ट’, नुसतं ‘नाही’ आलं तर ‘डझन्ट’. ही कसोटी मला स्वतःला वर्गात सापडली आणि ती क्वचितच दगा देते.

‘आय ॲम हॅविंग डिप्लोमा’ आणि ‘आय ॲम नोइंग’ यांचं मूळ वेगळं आहे. ‘माझ्याकडे डिप्लोमा आहे’, ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’. मराठी वाक्याच्या शेवटी ‘आहे’ बसलंय आणि ‘आहे’ म्हणजे ‘ॲम, इज, आर’ हे समीकरण डोक्यात पक्कं आहे. पण ‘चाललंय’ लावून बघा. डिप्लोमा असणं चाललंय? भाऊ असणं चाललंय? माहीत असणं चाललंय? मराठीतसुद्धा कुणी असं म्हणणार नाही. मालकी, ज्ञान, मत, आवड, गरज या गोष्टी चालत नाहीत, त्या असतात. म्हणून ‘आय हॅव’, ‘आय नो’, ‘आय लाइक’, ‘आय वॉन्ट’, ‘आय नीड’, ‘आय बिलीव्ह’. याच कसोटीने अपवादही सुटतात, त्यांची यादी पाठ करावी लागत नाही. ‘माझं जेवण चाललंय’ म्हणता येतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर. ‘नोकरी बदलायचा विचार चाललाय’ म्हणता येतं, म्हणून ‘आय ॲम थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब’ बरोबर. पण ‘मला वाटतं हे माप चुकलंय’ यात तुमचं मत आहे, ते चाललेलं नाही, म्हणून ‘आय थिंक’. इंग्रज माणूसही गप्पांत कधी ‘आय ॲम लव्हिंग धिस’ म्हणतो. तेव्हा तो आवड सांगत नसतो, या घडीला मजा चाललीय असं सांगत असतो.

‘कॅलिब्रेशन येतं’ यातला ‘येतं’ मात्र ‘नो’पेक्षा ‘कॅन’ने चांगला उतरतो. ‘मला पोहता येतं’, ‘आय कॅन स्विम’. तसंच ‘आय कॅन कॅलिब्रेट मायक्रोमीटर्स’. दिसण्या-ऐकण्याचंही तेच. व्हिडिओ कॉलवर ‘आवाज येतोय का?’ याचं ‘आर यू हिअरिंग मी?’ होतं आपल्याकडून. ‘कॅन यू हिअर मी?’ म्हणा.

इथपर्यंत ‘चाललंय’ची कसोटी चालते. एका ठिकाणी ती साफ मोडते, आणि ते ठिकाण मला इतकं आवडतं की जरा थांबून सांगते.

आमच्या वर्गात भिंतीवर एसटी स्टँडचा एक मोठा फोटो लावलाय. बाकावर एक आजोबा बसलेत, पांढरी टोपी घातलीय. खांबाला टेकून एक बाई उभी आहे, तिच्या खांद्यावर मूल झोपलंय, हातात तिने कापडी पिशवी धरलीय. गाडीच्या सावलीत कुत्रं पहुडलंय. मी सांगते, याचं इंग्रजी लिहा. दरवर्षी नवा संच येतो आणि दरवर्षी वहीत तेच सापडतं: ‘ओल्ड मॅन हॅज सॅट ऑन द बेंच. ही हॅज वोर्न अ कॅप. द बेबी हॅज स्लेप्ट.’ मुलं हुशार असतात म्हणूनच असं लिहितात. ‘बसलेत’, ‘घातलीय’, ‘झोपलंय’ ही मराठीत पूर्ण झालेल्या क्रियेची रूपं आहेत, म्हणून ती ‘हॅज’ लावतात. नियमाने बघितलं तर त्यांचं बरोबरच आहे.

पण दोन भाषांची नजर वेगळी आहे. मराठी म्हणते, बसण्याची क्रिया होऊन गेली, आता माणूस बसलेला आहे. इंग्रजी म्हणते, बसलेलं असणं हेच चालू आहे. म्हणून ‘ही इज सिटिंग’, ‘ही इज वेअरिंग अ कॅप’, ‘शी इज स्टँडिंग’, ‘शी इज होल्डिंग अ बॅग’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘द डॉग इज लाइंग इन द शेड’. आणि मराठीत ‘बसतोय’ म्हटलं तर काय दिसतं? गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बाकाकडे जाणारा माणूस. त्याला इंग्रजीत ‘ही इज सिटिंग डाउन’. ‘टोपी घालतोय’ म्हणजे हात डोक्याकडे गेलेत, ‘ही इज पुटिंग ऑन हिज कॅप’. बसणं, उभं राहणं, झोपणं, पहुडणं, टेकणं, लटकणं, धरणं, अंगावर घालणं, एवढी आठ-दहा क्रियापदं आहेत. इथे मराठीत ‘-लाय, -लीय, -लंय’ आलं तरी इंग्रजीत ‘आयएनजी’. रात्रपाळीची नर्स हॅन्डओव्हर देताना ‘द पेशंट हॅज स्लेप्ट’ म्हणाली, तर ऐकणारीला वाटेल झोप झाली, आता जागा आहे. खरं तर तो समोर झोपलेला असतो. ही आठ-दहा क्रियापदं घरातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोवर घोटून घ्या.

‘सिन्स फोर इयर्स’चं वाक्य या दोन काळांच्या भांडणातलं नाहीच, म्हणून थोडक्यात सांगते. वर मी लिहिलंय, ‘गेली बावीस वर्षं मी वर्ग घेते’. मराठीत साधा वर्तमानकाळ पुरला. इंग्रजीत मागचा काळ मोजून सांगितला की ‘आय टीच’ही चालत नाही आणि ‘आय ॲम टीचिंग’ही नाही. ‘आय हॅव बीन टीचिंग फॉर ट्वेन्टी-टू इयर्स’. तुमचं वाक्य, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स’. किती वर्षं ते सांगताना ‘फॉर’, कुठल्या सालापासून ते सांगताना ‘सिन्स’. हे एक वाक्य प्रत्येक मुलाखतीत लागतं. पाठच करून टाका, यात लाज नाही.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. गाड्यांचं वेळापत्रक उद्याचं असलं तरी साधं: ‘द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन’. आपला स्वतःचा बेत मात्र ‘आयएनजी’ने: ‘आय ॲम लीव्हिंग टुमॉरो’. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात डोळ्यांसमोर घडत असूनही ‘ही कम्स इन, ही बोल्स’ ऐकू येतं, कारण चेंडू पडून जाईपर्यंत लांब वाक्याला वेळच नसतो. क्रिया सांगेपर्यंत संपते. आणि मघाशी सांगितलेल्या ‘करत असतो’च्या कसोटीला एक अपवाद आहे. ‘तो सारखा कुरकुर करत असतो’ हे आपण वैतागून म्हणतो, आणि तो वैताग इंग्रजीत ‘आयएनजी’नेच येतो: ‘ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग’.

एक प्रश्न मला नेहमी येतो, की इंग्रजीने एवढा घोळ घातलाच का? माझ्या समजुतीप्रमाणे तिनेही तो हळूहळू घातला. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘व्हॉट डू यू रीड?’ असं विचारून ‘आत्ता काय वाचतोयस?’ हा अर्थ निघायचा, आपल्या ‘काय करतोस?’सारखाच. पुढच्या शतकांत ‘आयएनजी’चा वापर वाढत गेला आणि दोघांची कामं वाटली गेली. म्हणजे मराठीतला ‘करतो’ काही मागासलेला नाही. त्याने फक्त वाटणी केली नाही.

आता सराव. तुमच्या दोन दुखण्यांना दोन वेगळी औषधं हवीत. जिभेसाठी मी एक महिना ‘आय’ने सुरू होणारी फक्त सवयीची वाक्यं बोलायला लावते आणि ‘आय’नंतर मुद्दाम अर्धा श्वास थांबायला सांगते. ‘आय… चेक द फर्स्ट पीस. आय… रेकॉर्ड द रीडिंग. आय… साइन द रिपोर्ट.’ तो अर्धा श्वास ‘आय’ला ‘ॲम’पासून तोडतो. सुरुवातीला कानाला विचित्र लागेल. दहा-बारा दिवसांत थांबा आपोआप लहान होतो आणि ‘ॲम’ येत नाही. शिफ्ट संपल्यावर गाडीची वाट बघताना हे सहज होतं.

विचारासाठी त्याच मशीनपाशी उभं राहून जोड्या लावा. ऑपरेटर कुलंट बदलतोय: ‘ही इज चेंजिंग द कुलंट’. तो दर सोमवारी बदलतो: ‘ही चेंजेस इट एव्हरी मंडे’. इथे ‘चेंजेस’चा शेवटचा आवाज गिळू नका, मराठी माणूस तो फार गिळतो. तेच दृश्य, एकदा चाललेलं म्हणून, एकदा नेहमीचं म्हणून. एका शिफ्टमध्ये अशा पाच जोड्या पुष्कळ झाल्या.

आणि मुलाखतीपुरती एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला निघताना सांगते: उत्तराचा काळ प्रश्नातच दिलेला असतो. प्रश्नात ‘डू’ किंवा ‘डज’ ऐकू आलं की उत्तरात ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’च्या जोडीला जागा नाही. प्रश्नात ‘आर यू’ आणि पुढे ‘आयएनजी’ ऐकू आलं की मग ‘आय ॲम’. त्या इंजिनिअरने ‘व्हॉट डू यू डू’ असं विचारून तुमच्या हातात उत्तराचा साचाच दिला होता. पुढच्या वेळी तिथेच म्हणा: ‘आय कीप इट असाइड, आय पुट अ रेड टॅग ऑन इट अँड आय टेल माय सुपरवायझर. आय डोन्ट सेंड इट टू द नेक्स्ट स्टेशन.’ शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय, त्यात नकारही घोटला जातो आणि क्वालिटीच्या माणसाकडून ते ऐकायला समोरच्याला बरंही वाटतं.

मग बहुतेक तो विचारेल, ‘आर यू लर्निंग एनीथिंग न्यू धीज डेज?’ तिथे ‘आर’ आहे, ‘लर्निंग’ आहे, आणि तुम्ही कळवलंत त्याप्रमाणे सीएमएमचं (पार्टची मापं तपासणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग शिकणं सध्या तुमचं खरोखर चाललेलंच आहे. तिथे मुळीच बिचकू नका: ‘येस, आय ॲम लर्निंग टू प्रोग्राम द सीएमएम.’